गाणं झालंच नाही, तिकिटाचं काय?

वाचकांचे प्रश्न : ग्राहकहक्क

दिवाळी सरली की मैदानं भाड्याने जायला लागतात आणि होळीपर्यंत महोत्सवांचा हंगाम चालतो. त्याच्या मागोमाग रद्द झालेल्या, अर्ध्यावर आटोपलेल्या आणि ढिसाळ कार्यक्रमांच्या तक्रारी येतात. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडक्यात दिली असून आयोजकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : पुण्याजवळच्या दोन दिवसांच्या महोत्सवाची चार तिकिटं काढली होती. प्रत्येकी ४,९९९ रुपये आणि वर बुकिंग शुल्क. तीन दिवस आधी मेल आला : 'अपरिहार्य कारणांमुळे कार्यक्रम रद्द, पुढच्या वर्षीसाठी क्रेडिट देऊ.' पोलिसांची परवानगीच मिळाली नव्हती, असं नंतर कळलं. तिकिटावर 'नो रिफंड' छापलं आहे. क्रेडिट घ्यावंच लागेल का?
— वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. क्रेडिट देऊ करणं हा आयोजकाचा प्रस्ताव झाला. तो स्वीकारायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ नुसार जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. तारीख पुढे ढकलली तरी हेच लागू. फक्त गप्प बसू नका. 'सात दिवसांत न कळवल्यास क्रेडिट मान्य समजू' अशी ओळ मेलच्या तळाशी असते. त्याच मेलला त्याच दिवशी उत्तर द्या : 'क्रेडिट मान्य नाही. पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्या खात्यात परत करा.' आणि क्रेडिटचा कोड चुकूनही वापरून बघू नका. वापरलात की तुम्ही प्रस्ताव मान्य केला, असं आयोजक म्हणणार.

'नो रिफंड'चा रास्त अर्थ एवढाच, की तुमचा बेत बदलला तर पैसे मिळणार नाहीत. त्यांनीच कार्यक्रम केला नाही तर ही ओळ त्यांच्या कामाची नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, हे त्या यादीत आहे. तिकीट ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही लागतात. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे सेवा नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही.

आता 'अपरिहार्य कारणां'विषयी. परवानगी न मिळणं ही काही दैवी आपत्ती नव्हे. पोलीस, अग्निशमन, वाहतूक, ध्वनी या सगळ्यांची ना-हरकत आणणं हे आयोजकाचंच काम. ती हातात नसताना तिकीटविक्री सुरू केली तर धोका त्याने पत्करला. तो तुमच्या गळ्यात मारता येत नाही. अवकाळी पावसाने मैदानाचा चिखल झाला, साथीमुळे सरकारने गर्दीवर बंदी घातली, ही खरी अपरिहार्य कारणं. पण तिथेही गल्लत केली जाते. करार पाळणं अशक्य झालं की करार कायद्याच्या कलम ५६ नुसार आयोजक नुकसानभरपाईतून सुटतो. तिकिटाचे पैसे मात्र कलम ६५ नुसार परत करायचे असतात, कारण रद्दबातल झालेल्या करारातून मिळालेला लाभ ठेवून घेता येत नाही. आयोजकाचे वकील यावर म्हणतील, की अशा प्रसंगी परतावा नाही असं अटींमध्येच लिहिलं आहे, त्यामुळे कलम ५६ चा प्रश्नच येत नाही. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. मग तुम्ही ती अटच एकतर्फी आणि अनुचित असल्याचं म्हणायचं : कार्यक्रम होवो न होवो, पैसे त्यांचेच!

मागणी १९,९९६ रुपयांवर थांबवू नका. बुकिंग शुल्क आणि त्यावरचा कर वेगळ्या ओळीत मागा. शुल्क घेणं बेकायदा नाही आणि 'आमची बुकिंगची सेवा पूर्ण झाली' असं तिकीट विकणारं पोर्टल म्हणेल. तरी मागणीत ते असू द्या. न मागितलेलं सहसा मिळत नाही. 'जीएसटी सरकारजमा झाला' हे उत्तर तर ऐकूनच घेऊ नका. सेवा दिलीच गेली नाही तर आयोजक क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा दस्त) काढून आपला कर समायोजित करून घेऊ शकतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत त्याला ती मुभा असते.

प्रश्न : क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते. आयोजक मेलला उत्तर देत नाही. बँकेत फोन केला तर त्यांनी कार्ड ब्लॉक करून एफआयआर आणायला सांगितलं!
— वाचक, डोंबिवली

उत्तर : फोनवर 'फसवणूक' हा शब्द निघाला असणार. त्या शब्दावर बँक कार्डचोरीच्या वाटेने जाते. मग 'ओटीपी तुम्हीच टाकलात' म्हणून दावा फेटाळते. तुमचा दावा वेगळा आहे : व्यवहार मीच केला, पण सेवा मिळाली नाही. बँकेच्या डिस्प्यूट फॉर्ममध्ये हाच पर्याय निवडा. यालाच चार्जबॅक म्हणतात.

कागद तीनच लागतात. तिकीट किंवा पावती, रद्द झाल्याचा मेल, आणि तुम्ही लेखी परतावा मागितल्याचा पुरावा. तिसरा नसेल तर अर्ज बहुधा तिथेच अडतो. म्हणून आधी आयोजकाला मेल करा आणि पंधरवडा थांबा. मुदत मात्र नजरेआड करू नका. व्हिसा कार्डांच्या नियमांत सेवा मिळायची होती त्या तारखेपासून १२० दिवस असतात, म्हणजे तिकीट आठ महिने आधी काढलं असलं तरी मोजणी कार्यक्रमाच्या तारखेपासून होते. व्यवहारापासून ५४० दिवसांची कमाल मर्यादा आहे. 'पुढच्या हंगामात बघू' म्हणत आयोजक चार महिने झुलवतो, त्यात हा मार्ग बंद होतो.

रक्कम हप्त्यांवर घेतली असेल तर परतावा आला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. बँकेला वेगळं कळवून कर्ज बंद करून घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा कारण न देता नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी १४४४८. यूपीआयने पैसे भरले असतील तर ॲपमधून आणि बँकेकडे तक्रार नोंदवा, पण कार्डाइतका भरवसा तिथे ठेवू नका. यूपीआयची तक्रारव्यवस्था मुख्यतः अडकलेल्या व्यवहारांसाठी उपयोगी पडते.

प्रश्न : कार्यक्रम झाला, पण नावापुरता. दोन तास रांगेत, ध्वनियंत्रणा दोनदा बंद, व्हीआयपी विभागात खुर्च्याच नाहीत, आणि मुख्य कलाकार सव्वानऊला मंचावर येऊन दहाला गाणं बंद. असे पैसे परत मिळतात का?
— वाचक, नाशिक

उत्तर : मिळतात, पण सगळे क्वचितच. कार्यक्रम रद्द झाला की हिशोब सरळ असतो. ढिसाळ झाला तर काय कबूल केलं होतं आणि काय मिळालं, यातला फरक रुपयांत मांडावा लागतो. 'वाईट अनुभव आला' यावर कोणी काही देत नाही.

फरक असा काढा. व्हीआयपी पास ९,००० आणि साधा ४,००० असेल, आणि व्हीआयपीच्या नावाखाली फक्त वेगळा दोरखंड बांधलेला असेल, तर ५,००० रुपयांची मागणी पक्की आहे. दोन दिवसांच्या ६,००० रुपयांच्या पासात दुसरा दिवस झालाच नाही, तर किमान ३,०००. दुसऱ्या दिवशी मोठी नावं होती असं वेळापत्रकावरून दिसत असेल तर अर्ध्याहून जास्त मागा आणि कारण लिहा. रांग, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी यांसाठी आकडा काढता येत नाही. ते नुकसानभरपाईच्या सदरात टाका आणि रक्कम माफक ठेवा. चार हजारांच्या तिकिटावर पाच लाखांचा मनस्ताप मागितला की बाकीची खरी मागणीही हलकी वाटू लागते.

दहा वाजताची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आयोजक इथे पोलिसांकडे बोट दाखवतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. ते दिवस आधीच जाहीर होतात. सवलतीचा दिवस आहे की नाही, हे आयोजकाला तिकीट विकतानाच माहीत असतं. नसलेल्या दिवशी दीड तासाच्या कलाकाराला सव्वानऊला मंचावर आणलं तर पोलिसांनी आपलं काम केलं, चुकलं ते नियोजन. बहुतेक वेळा कारण साधं असतं. दुपारचा साउंड चेक लांबतो, दरवाजे दोन तास उशिरा उघडतात आणि सगळा उशीर शेवटच्या कलाकारावर येऊन पडतो. म्हणून दरवाजे कधी उघडले, हे तक्रारीत जरूर लिहा.

पुरावा त्याच रात्री गोळा करायचा. मंचाचे फोटो सगळेच काढतात. खरं काम करतो तो व्हीआयपीच्या रिकाम्या जागेचा फोटो, रांगेचा वेळेसह व्हिडिओ, प्रवेशद्वारावरचं वेळापत्रक. घरी आल्यावर आधी आयोजकाच्या पानावरची जाहिरात, आसनव्यवस्थेचा नकाशा आणि अटी यांचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रारींचा सूर वाढला की ही पानं बदलतात किंवा गायब होतात. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते.

प्रश्न : शास्त्रीय संगीत महोत्सवाचं तीन दिवसांचं सीझन तिकीट घेतलं ते एका गायिकेसाठी. आजारपणामुळे त्या आल्या नाहीत, दुसरे कलाकार गायले. परतावा?
— वाचक, सांगली

उत्तर : आमच्या मते मागू नका. दहा-बारा कलाकारांतला एक बदलला आणि तोडीची बैठक झाली, तर 'कलाकार बदलण्याचा अधिकार राखीव' ही अट सहसा टिकते. एकाच कलाकाराच्या नावावर विकलेल्या मैफिलीत तेच नाव गळालं तर गोष्ट वेगळी, तिथे पूर्ण परतावा मागावा. आणि येणार नसल्याचं ठाऊक असूनही शेवटच्या दिवसापर्यंत त्या नावाने तिकिटं विकली, असं सिद्ध करता आलं तर ती दिशाभूल करणारी जाहिरात होते, मग कलाकार कितीही असोत.

प्रश्न : महोत्सवात रोख चालत नव्हती. मनगटी पट्ट्यात पैसे भरावे लागले. वादळामुळे पहिल्याच संध्याकाळी कार्यक्रम थांबला. पट्ट्यात १,४०० रुपये तसेच पडून आहेत.
— वाचक, म्हापसा

उत्तर : पट्टा कापून फेकू नका. त्यावरचा क्रमांक हाच तुमचा पुरावा. अशा शिलकीच्या परताव्यासाठी आयोजक वेगळा फॉर्म ठेवतात आणि त्याची मुदत फार आखूड असते. काही जण वर प्रक्रियाशुल्कही कापतात. ही शिल्लक फक्त त्याच मैदानात चालणारी असल्याने तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागत नाही, त्यामुळे लोकपालाकडे जाण्यात अर्थ नाही. ग्राहक तक्रारच करावी लागेल. कार्यक्रम सुरळीत झाला आणि तुम्हीच पैसे खर्च केले नाहीत, तर 'शिल्लक परत नाही' ही अट निदान वादाची ठरते. स्टॉलच बंद झाले तर वाद कसला? तिकिटाच्याच पत्रात ही रक्कम वेगळ्या ओळीत टाका.

प्रश्न : राहायला ठाण्यात, महोत्सव गोव्यात, कंपनी दिल्लीची. अटींमध्ये लिहिलंय की वाद लवादाकडे आणि फक्त दिल्लीत. हॉटेल-रेल्वेचेही पैसे गेले. तक्रार कुठे आणि कशी करायची?
— वाचक, ठाणे

उत्तर : ठाण्यातच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. लवादाची अट ग्राहक आयोगाची वाट अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

थेट आयोगात मात्र धावू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतही बोलता येतं. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण मोठी तिकीट पोर्टल तिच्याकडून आलेली तक्रार सहसा बाजूला टाकत नाहीत. त्याच दिवशी पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं.

तेवढ्याने भागलं नाही तर नोटीस. ती वकिलाकडूनच जायला हवी असं नाही. १५ दिवसांची मुदत देऊन साध्या कागदावर लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि मेलही करा. खरी मेख नावात असते. महोत्सवाचं नाव हे ब्रँड असतं, त्याच्यावर तक्रार होत नाही. करपावती काढा. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे : २७ महाराष्ट्र, ३० गोवा. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यातलं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), पी असेल तर एकट्या माणसाचा धंदा. कंपनी किंवा एलएलपी असेल तर नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. एका महोत्सवापुरती एलएलपी काढून नंतर ती मोकळी ठेवायची, ही चाल या धंद्यात अपरिचित नाही. म्हणून आयोजक आणि तिकीट पोर्टल, दोघांनाही सामनेवाले करा. 'आम्ही फक्त मध्यस्थ' असं पोर्टल म्हणेल. ते ठरवायचं काम आयोगावर सोडा.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. जोडायचं काय : तारखांचा क्रम, तक्रार, शपथपत्र, पावती, मेल, नोटीस आणि तिची पोच, फोटो. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही लावा. शपथपत्रावर सही नसणं आणि पानांना क्रमांक नसणं, यावरच किती प्रकरणं त्रुटी काढून परत येतात. वकील सक्तीचा नाही. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी, असा अर्ज देता येतो. अडलात तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे वाढ नाही. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात त्याहून बरेच लागतात. आदेश पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. या कलमाखाली अर्ज केला की धनादेश बरेचदा लवकर निघतो.

हॉटेल आणि रेल्वेचं जरा कठीण. आयोजकानेच तंबू किंवा बससेवा विकली असेल तर ते पैसे तिकिटाइतकेच पक्के. स्वतः केलेलं आरक्षण मागता येतं, पण नुकसान कमी करण्याचा प्रयत्न तुम्ही केला होता हे दाखवावं लागतं. रद्द झाल्याचं कळताच रेल्वे तिकीट रद्द करा, हॉटेलला लेखी विचारा, आणि कापली गेलेली रक्कम तेवढीच मागा.

मित्रांनी एकाच खात्यातून तिकिटं काढली असतील तर खातेदाराने तक्रार करावी, बाकीच्यांनी शपथपत्रं द्यावीत. प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर कलम ३५(१)(क) खाली आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रार करता येते.

प्रश्न : तिकीट एका अनोळखी माणसाकडून जास्त पैसे देऊन घेतलं. कार्यक्रम रद्द. परतावा कोणाला?
— वाचक, पिंपरी

उत्तर : ज्याच्या कार्डातून किंवा खात्यातून मूळ पैसे गेले त्याला, आणि तेही छापील किमतीएवढेच. तुम्ही वर दिलेले पैसे आयोजकाकडून मिळणार नाहीत. विकणाऱ्याला लगेच लिहून मागा. 'परतावा आला की पाठवतो' हे त्याचं उत्तर जपून ठेवा. तिकीटच बनावट निघालं तर हा ग्राहक वाद राहत नाही. वेळ न घालवता १९३० वर सायबर तक्रार करा.

प्रश्न : मुलगा लीड्सला असतो. तिथला महोत्सव रद्द झाला आणि आयोजक कंपनी दिवाळखोरीत गेली. काही उपाय?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर आहे. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार, एका तिकिटाची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर कार्ड देणारी बँकही आयोजकाइतकीच जबाबदार असते. ६० पौंडांची दोन तिकिटं मिळून १२० झाली तर चालत नाही, एकेकाची किंमत पाहतात. तिकीट पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून घेतलं असेल तर दावा बहुधा टिकत नाही. अशा वेळी किंवा डेबिट कार्ड असेल तर चार्जबॅक करावा. दिवाळखोरीची बातमी आली की त्याच आठवड्यात अर्ज टाकायला सांगा.

प्रश्न : महोत्सव रद्द झाल्यावर 'रिफंड विभागा'तून फोन आला. क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. आमच्या ऑर्डरचा तपशीलही त्यांना माहीत आहे.
— वाचक, औरंगपुरा

उत्तर : टाकू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. तपशील कळण्यात विशेष काही नाही. लोक चिडून आपल्या तिकिटाचा फोटो बुकिंग क्रमांकासह समाजमाध्यमांवर टाकतात आणि आयोजकाला टॅग करतात. भामटे तिथूनच नंबर उचलतात. खरा परतावा मूळ खात्यात परस्पर येतो. स्क्रीन शेअर करायला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं तरी फोन ठेवा. पिन टाकून झाला असेल तर आधी १९३०, मग बँक.